घरासाठी प्रोफेशनल रंग घ्यावा की साधा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दुकानात एकाच पांढऱ्या रंगाचे दोन डबे शेजारी ठेवलेले असतात. एकावर 'प्रोफेशनल' किंवा 'ट्रेड' लिहिलेलं असतं, दुसऱ्यावर सजवलेल्या खोलीचा फोटो असतो. भिंतीला न जुळणारा डबा उचलला तर पैसा जातोच, वर पुढच्या वेळी तीच भिंत खरवडायचं काम वाढतं. म्हणून घरातल्या भिंती, छत, दारं आणि चौकटी यांच्यापुरते नेहमी विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. बाहेरच्या भिंतींचं गणित वेगळं असतं, ते यात नाही.

'प्रोफेशनल' लिहिलेला रंग साध्या रंगापेक्षा उंची असतोच का?

तसं धरून चालू नका. हा शब्द कंपनी स्वतः लावते आणि त्यामागे कुठली एकच ठरलेली कसोटी नाही. प्रोफेशनल म्हणून विकल्या जाणाऱ्या रंगांत दोन अगदी वेगळी कुळं आहेत.

पहिलं कुळ कंत्राटी कामाचं. मोठ्या इमारतीतल्या शेकडो खोल्या पटापट पांढऱ्या करायच्या असतात, प्लास्टरमधली उरलेली ओल भिंतीतून बाहेर पडू द्यायची असते, आणि मागून येणारे सुतार-वायरमन भिंत खरचटवून गेले की टच-अप दिसता कामा नये. त्यासाठी बनवलेला, चकाकी नसलेला रंग म्हणजे कंत्राटी मॅट. हायडिंग, म्हणजे खालचं झाकण्याची ताकद, छान, वाळतो लवकर, पण ओल्या फडक्याने पुसला की फडक्यावर उतरतो.

दुसरं कुळ टिकाऊ कामाचं. दवाखाने, शाळांचे व्हरांडे, जिने, जिथे भिंतीला रोज खांदे घासतात आणि भिंती वरचेवर धुतल्या जातात, तिथला हा रंग. यात बाइंडर, म्हणजे रंगाला धरून ठेवणारा घटक, भरपूर असतो आणि थर घट्ट बसतो.

घरगुती रंग या दोघांपेक्षा वेगळ्या माणसासाठी बनवलेला असतो: जो काही वर्षांतून एकदा ब्रश हातात घेतो. तो दाट असतो, रोलरवरून ओघळत नाही, पाणी न मिसळता थेट लावता येतो आणि लहान डब्यांत मिळतो. चांगल्या कंपनीचा वरच्या दर्जाचा घरगुती रंग कंत्राटी मॅटपेक्षा कितीतरी टिकाऊ निघतो. म्हणून दुकानदाराला 'प्रोफेशनल आहे का' असं विचारण्याऐवजी 'हा धुता येतो का, कोणत्या वर्गाचा आहे' असं विचारा.

डब्याच्या आत नेमका फरक कशाचा असतो?

रंगात मुख्य गोष्टी चार. झाकणारं रंगद्रव्य, म्हणजे पांढऱ्यासाठी टायटॅनियम डायऑक्साइड. सगळं धरून ठेवणारा बाइंडर, म्हणजे अॅक्रिलिक किंवा व्हिनाइल प्रकारचं रेझिन. स्वस्त भराव, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, टाल्क, चिनी माती. आणि पाणी. याशिवाय फेस मारणारी, दाटपणा देणारी, बुरशी रोखणारी द्रव्यं थोडी थोडी असतात. डब्याची किंमत मुख्यतः पहिल्या दोन गोष्टी ठरवतात.

स्वस्त मॅट रंगही भिंत चांगली झाकतो, याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. झाकण्याची ताकद प्रकाश किती वाकतो यावर असते. टायटॅनियम डायऑक्साइडचा अपवर्तनांक सुमारे २.७, बाइंडरचा सुमारे १.५ आणि कॅल्शियम कार्बोनेटचा सुमारे १.६. म्हणजे बाइंडरमध्ये बुडालेला भराव जवळजवळ पारदर्शकच असतो. पण भराव इतका घातला की बाइंडर त्याला पुरेनासा होतो, तेव्हा कणांमध्ये हवेच्या पोकळ्या राहतात. हवेचा अपवर्तनांक १. मग तोच भराव पांढराशुभ्र दिसू लागतो. यालाच वाळल्यावर येणारं हायडिंग म्हणतात.

हे डोळ्यांनी बघता येतं. कंत्राटी मॅट लावलेल्या भिंतीवर ओलं फडकं टेकवा. पाणी पोकळ्यांत शिरतं, तेवढा भाग गडद होतो आणि खालचा जुना रंग किंवा पुट्टीचा पॅच झिरपल्यासारखा दिसतो. वाळल्यावर परत पांढरा होतो. त्याच पोकळ्यांतून तेल, मळ आणि बोटांचे डागही आत शिरतात आणि मग निघत नाहीत. बाइंडर कमी म्हणून घासलं की थर सुटतो.

डेटा शीट कुठे मिळते आणि त्यात काय वाचायचं?

कंपनीच्या संकेतस्थळावर उत्पादनाच्या पानावर तांत्रिक डेटा शीट असते, नसेल तर दुकानदाराकडे मागा. प्रोफेशनल रंगांची हमखास मिळते. घरगुती रंगाची मिळालीच नाही, तर डब्यामागची बारीक अक्षरं हाच आधार. पुढच्या गोष्टी शोधा.

घनभाग, आकारमानाने किती टक्के. पाणी उडून गेल्यावर भिंतीवर उरतो तो एवढाच. १ लिटर रंग १० चौरस मीटरवर लावला तर ओला थर १०० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) होतो. घनभाग ४० टक्के असेल तर वाळल्यावर ४० मायक्रॉन उरतात, २८ टक्के असेल तर २८. काही शीटमध्ये वजनाने घनभाग दिलेला असतो. तो आकडा नेहमीच मोठा दिसतो, कारण रंगद्रव्य जड असतं. तुलना करताना दोन्हीकडे एकाच प्रकारचा आकडा घ्या.

घासण्याचा वर्ग. युरोपीय मानक ईएन १३३०० नुसार १ ते ५ वर्ग आहेत. ओल्या पॅडने २०० वेळा घासून थर किती झिजला ते मोजतात: ५ मायक्रॉनपेक्षा कमी झिजला तर वर्ग १, ५ ते २० पर्यंत वर्ग २, २० ते ७० पर्यंत वर्ग ३. वर्ग ४ आणि ५ साठी फक्त ४० वेळा घासतात, यावरूनच ते किती नाजूक ते कळतं. राहत्या घरात हात लागतील तिथे वर्ग १ किंवा २ घ्या.

हायडिंगचा वर्ग. हाही १ ते ४ असा असतो, पण तो कायम एखाद्या कव्हरेजसोबत लिहिलेला असतो, आणि घाईत नेमका तोच आकडा वाचायचा राहतो. 'वर्ग १, लिटरला ६ चौरस मीटर' आणि 'वर्ग १, लिटरला १० चौरस मीटर' हे दोन रंग सारखे नाहीत. पहिला जाड लावला तरच झाकतो.

याशिवाय दुसरा हात किती वेळाने मारायचा, पाणी किती चालतं, आणि किमान तापमान. पाण्याच्या रंगांना साधारण १० अंशांखाली नीट थर धरता येत नाही. बाइंडरचे कण एकमेकांत वितळून जुळत नाहीत, आणि वरून वाळलेला दिसणारा रंग नंतर पूड होऊन निघतो.

महाग डबा खरंच परवडतो का?

लिटरच्या भावावर हिशेब मांडू नका, पुरत्या झाकलेल्या चौरस मीटरवर मांडा.

४ मीटर बाय ३ मीटरची खोली, उंची २.८ मीटर. परिमिती १४ मीटर, भिंती ३९ चौरस मीटरच्या आसपास, एक दार आणि एक खिडकी वजा केली की ३६. समजा पहिला रंग लिटरला ९ चौरस मीटर जातो आणि त्याचे तीन हात लागतात: १२ लिटर. दुसरा लिटरला १२ चौरस मीटर जातो आणि दोन हातांत झाकतो: ६ लिटर. म्हणजे दुसऱ्याचा लिटरचा भाव पहिल्याच्या दुप्पट असला तरी रंगाचा खर्च तेवढाच. वर एका हाताची मजुरी आणि वाळायचा वेळ वाचला. १२ चौरस मीटरच्या छताचा हिशेब वेगळा धरा.

छापील कव्हरेज गुळगुळीत, न शोषणाऱ्या पृष्ठभागावरचं असतं. खरबरीत किंवा तहानलेल्या भिंतीवर त्यातलं २० ते ३० टक्के वजा करा. शंका असेल तर १ लिटरचा डबा आणून भिंतीवर मोजून चौकोन आखा आणि तो किती पुरतो ते बघा. मोठी बादली घेण्याआधी ही चाचणी करायलाच हवी.

उलट, भाड्याच्या रिकाम्या खोलीला किंवा दर दोन वर्षांनी शेड बदलणाऱ्या भिंतीला टिकाऊ वर्गाचा रंग लावणं म्हणजे उधळपट्टी.

पाणी किती घालायचं?

शीटमध्ये लिहिलंय तेवढंच. प्रोफेशनल रंग बरेचदा थोडा घट्ट येतो आणि ५ ते १० टक्के पाणी चालतं. घरगुती रंगांवर बहुधा 'पातळ करू नका' लिहिलेलं असतं, आणि ते पाळावं. जेलीसारख्या न ओघळणाऱ्या रंगाला तर फार ढवळूही नये, त्याचा दाटपणा मोडतो.

जास्त पाण्याने काय होतं ते आकड्यात बघा: ४० टक्के घनभागाच्या १ लिटर रंगात २०० मिलिलिटर पाणी घातलं की घनभाग ३३ टक्क्यांवर येतो. प्रत्येक हाताला थराचा सहावा हिस्सा गेला. हात सरसर चालतो, भिंत ओली असताना झाकलेली वाटते आणि दुसऱ्या दिवशी खालचा रंग डोकावतो. पाणी घालायचं तर मापाने आणि सगळ्या डब्यांत सारखं.

नव्या प्लास्टरला थेट चांगला धुता येणारा रंग लावला तर?

पोपडे निघतील. ताजं प्लास्टर पाणी इतक्या वेगाने ओढतं की रंगाला भिंतीत रुजायला वेळच मिळत नाही. तो वर सायीसारखा बसतो आणि पुढे एक कोपरा सुटला की हातभर पट्टा निघून येतो.

सिमेंट प्लास्टरचा पीएच सुरुवातीला १२ ते १३ असतो. त्या क्षाराने बाइंडर कुजतो आणि काही शेड्स चट्ट्याचट्ट्यांनी फिकट होतात. किमान चार आठवडे थांबा आणि मग क्षार सहन करणारा प्रायमर मारा. जिप्समच्या प्लास्टरला दिवस मोजण्यापेक्षा त्याचा रंग बघा. गडद ओले डाग जाऊन सगळीकडे एकसारखा फिकटपणा आला पाहिजे.

इथे कंत्राटी मॅटचा खरा उपयोग आहे. त्याचा पहिला हात २० ते ३० टक्के पाणी घालून मारला की तो प्लास्टरमध्ये मुरतो, ओल अडवत नाही आणि वरच्या रंगाला पकड देतो. त्यावर दोन हात धुता येणाऱ्या रंगाचे. असा जोड उत्तम चालतो, पण वरच्या रंगाच्या शीटमध्ये त्याला मनाई नाही ना, ते बघून घ्या.

पुट्टीवर प्रायमर लागतोच का?

लागतो. घासल्यावर उरणारी पुट्टीची पूड पिठासारखी असते; रंग तिला चिकटतो आणि ती कशालाच चिकटलेली नसते. आधी मऊ ब्रशने झाडा, किंचित ओलसर फडकं फिरवा, मग प्रायमर. नाहीतर मास्किंग टेप काढताना रंग पुट्टीसकट निघून येतो.

'प्रायमर आणि रंग एकातच' असं लिहिलेला डबा घेतला तर?

आधी नीट रंगवलेल्या, घट्ट बसलेल्या भिंतीवर चालतो. तिथे तसाही वेगळा प्रायमर लागत नाही. उघडं प्लास्टर, नवं लाकूड, लोखंड, पाण्याचे डाग किंवा चकचकीत ऑइल पेंट यांपैकी काही असेल तर या डब्यावर विसंबू नका. प्रायमरला आत मुरायचं असतं आणि वरच्या रंगाला वर थर धरायचा असतो. एकाच द्रावणाकडून दोन्ही कामं पूर्ण होत नाहीत.

भिंतीवर आधी काय लावलंय ते कसं ओळखायचं?

चार चाचण्या, पाच मिनिटांत होतात.

गडद कापड भिंतीवर घासा. पांढरी पूड आली तर भिंतीवर डिस्टेंपर, चुना किंवा कुजलेला रंग आहे. तो खरवडून धुवा, उरलेल्या भागावर पूड बांधणारा प्रायमर मारा. पूड येणाऱ्या भिंतीवर जगातला कुठलाही महाग रंग टिकणार नाही.

कापसावर डिनेचर्ड स्पिरिट घेऊन तीसेक सेकंद चोळा. रंग मऊ होऊन कापसाला लागला तर बहुधा पाण्याचा इमल्शन, काहीच आलं नाही तर ऑइल पेंट. ऑइल पेंट असेल तर १२० नंबरच्या घासकागदाने चकाकी मारा, डिटर्जंटने तेलकटपणा काढा, साध्या पाण्याने पुसा आणि पकड देणारा प्रायमर मारा.

पात्याने रंगावर फुलीच्या आकाराचा छेद द्या, चांगली चिकटपट्टी घट्ट दाबून झटक्यात ओढा. पट्टीसोबत रंग आला तर जुना थर सैल आहे.

पाणी शिंपडा. लगेच शोषलं गेलं तर भिंत तहानलेली आहे, थेंब राहिले तर सीलबंद आहे.

घर फार जुनं असेल तर आधी खालच्या थरांत शिसं आहे का ते तपासून घ्या. शिशाचा रंग कोरडा घासणं किंवा जाळून काढणं घातक आहे, लहान मुलांना तर सर्वांत जास्त. तोवर घासकागद हातातच घेऊ नका.

कोणत्या खोलीला काय लावावं?

छताला साधा मॅट पुरतो. छताला कुणी हात लावत नाही, आणि जितकी चकाकी कमी तितके पुट्टीच्या पात्याचे फटकारे आणि चढउतार लपतात. इथे कंत्राटी मॅट खुशाल वापरा.

बैठकीची खोली आणि झोपायच्या खोल्या: वर्ग १ किंवा २ चा मॅट. असे मॅट आता मिळतात. धुता यावा म्हणून चकाकणारा रंगच घ्यायला हवा, ही गोष्ट जुनी झाली.

जिना, बोळ, मुलांची खोली आणि बटणांच्या पाट्यांभोवतालचा भाग: वर्ग १. साधा मॅट इथे पुसला की त्या जागी तुकतुकीत डाग पडतो. मळ गेला तरी समोरून उजेड आला की पुसल्याची खूण दिसत राहते. ती चकाकी घासण्याने आलेली असते आणि पुसून जात नाही. तेवढी भिंत परत रंगवावी लागते.

स्वयंपाकघरात तेलाची वाफ बसते म्हणून किंचित चकाकीचा, घट्ट थराचा रंग. न्हाणीघरात दमट जागेसाठी बनवलेला, बुरशीरोधक घातलेला रंग घ्या, पण हवा खेळती नसेल तर बुरशीरोधकही काही काळच तग धरतो. आधीची बुरशी मारल्याशिवाय वर रंग लावू नका, ती आतून परत फुटते. आणि भिंत बाहेरून किंवा खालून ओल धरत असेल तर आधी गळती बंद करा. घट्ट प्रोफेशनल थराने ती झाकायला गेलात तर मागे अडकलेलं पाणी आणि क्षार थराला फुगे आणतात.

गडद लाल किंवा पिवळा चार हातांतही का झाकत नाही?

कारण त्या डब्यात पांढरं रंगद्रव्य जवळजवळ नसतंच. टिंटिंग मशीनवर शेड बनवताना फिकट, मधला आणि गडद असे बेस असतात. गडद बेस जवळपास पारदर्शक असतो, सगळी भिस्त रंगछटा देणाऱ्या द्रव्यांवर, आणि उजळ लाल-पिवळ्यांची झाकण्याची ताकद मुळातच कमी. प्रोफेशनल डबा घेतला तरी हे बदलत नाही.

उपाय प्रायमरमध्ये आहे. खोल लाल किंवा मरून शेडखाली करडा टिंट केलेला प्रायमर, पिवळ्याखाली शुभ्र पांढरा. मग बहुधा दोन-तीन हातांत काम होतं.

कडेला चौकट आणि मध्ये पट्टे का दिसतात?

छताच्या कडेला ब्रशने पट्टी मारून ठेवली आणि तासाभराने रोलर फिरवला, की ब्रशचा पातळ थर आणि रोलरचा जाड थर वेगळे दिसतात. शिवाय वाळलेल्या कडेवर ओला रंग चढला की तिथे दुहेरी थराची रेघ उमटते. एका वेळी एकच भिंत घ्या. कडा मारा आणि ती ओली असतानाच रोलर कोपऱ्यापासून ५ सेंटिमीटरपर्यंत न्या. रोलरचे पट्टे एकमेकांवर थोडे चढवत जा आणि शेवटी सगळे एकाच दिशेने, दाब न देता, वरून खाली ओढा. मागे वळून वाळत आलेल्या जागी हात लावू नका. राहिलेली जागा पुढच्या हाताला भरून निघते.

प्रोफेशनल रंगाने नवख्याची सर्वांत जास्त फजिती इथेच होते. काही प्रोफेशनल रंग एका दिवसात दोन हात व्हावेत म्हणून लवकर वाळतात. सराईत माणूस चार मिनिटांत भिंत संपवतो, तुम्हाला पंधरा लागतात, तोवर कड सुकून गेलेली असते. पंखा बंद ठेवा, तापलेली भिंत रंगवू नका, आणि शक्य असेल तर दोघं मिळून काम करा: एक ब्रशवर, एक रोलरवर. एकट्यालाच करायचं असेल तर हळू वाळणारा घरगुती रंग हीच शहाणी निवड.

रोलरवर काटकसर नको. गुळगुळीत भिंतीला १० मिलिमीटरच्या आसपास लव, दारांना ४ ते ६, खरबरीत भिंतीला १८ किंवा जास्त. स्वस्त रोलर केस सोडतो आणि ते थरात अडकून बसतात. नवा रोलर आधी चिकटपट्टीने झाडून घ्या.

दारं आणि चौकटींना काय चांगलं? ऑइल पेंट की पाण्याचा?

ऑइल पेंट सुंदर पसरतो, ब्रशच्या रेघा विरून जातात आणि थर टणक होतो. पण पांढरा ऑइल पेंट पिवळा पडतो, आणि अंधारात जास्त पडतो: कपाटाच्या आत, तसबिरीमागे. वासही बरेच दिवस रेंगाळतो.

पाण्याचा साधा इमल्शन दारांना लावू नका. तो मऊ राहतो आणि बंद दार चौकटीला चिकटतं. उघडताना चर्रकन रंग फाटतो. दारांसाठी पाण्यातला युरेथेन मिसळलेला किंवा अल्कीड प्रकारचा ट्रिम रंग घ्या. प्रोफेशनल रंगाचा पैसा पुरेपूर वसूल होतो तो दारांवर. पहिले काही दिवस दार जिभेपर्यंत न लावता उघडं ठेवा. दोन हातांमध्ये २२० नंबरच्या कागदाने हलकं घासा आणि धूळ पुसून घ्या.

पाण्याचे आणि धुराचे डाग परत वर का येतात?

डागातली द्रव्यं पाण्यात विरघळतात आणि पाण्याच्या रंगासोबत दर हाताला वर येतात. दहा हात मारले तरी पिवळा कडा असलेलं वर्तुळ दिसणारच. डाग अडवणारा, पाण्याचा नसलेला प्रायमर तेवढ्या जागेवर मारा. धूर, लाकडाच्या गाठी आणि टॅनिन (लाकडातून झिरपणारं तपकिरी द्रव्य) यांच्यासाठी शेलॅकचा प्रायमर सर्वांत खात्रीचा. वास उग्र असतो आणि तो पेट घेणारा असतो, खिडक्या उघड्या ठेवा आणि जवळ ज्योत नको.

रंग वाळला म्हणजे धुता येतो का?

लगेच नाही. हाताला तासाभरात कोरडा लागतो, दुसरा हात २ ते ४ तासांनी मारता येतो, पण थर पुरता पिकायला २ ते ४ आठवडे लागतात. वर्ग १ चा रंगही पहिल्या आठवड्यात घासला तर खराब होतो. त्या काळात डाग पडलाच तर ओलसर मऊ कापडाने टिपून घ्या.

न्हाणीघरात पहिल्या दिवसांत तपकिरी, चिकट ओघळ दिसले तर घाबरू नका. वाफेच्या पाण्यासोबत रंगातली साबणासारखी द्रव्यं वर येतात. मऊ कापडाने आणि कोमट पाण्याने पुसा, एक-दोनदा होऊन थांबतं.

दोन डब्यांचा, हार्डनर मिसळायचा रंग घरी वापरावा का?

घरातल्या भिंतींना त्याची गरज क्वचितच पडते. मिसळल्यावर ठरावीक वेळात संपवावा लागतो, प्रमाण चुकलं तर कधीच कडक होत नाही. पॉलियुरेथेनच्या हार्डनरमधल्या आयसोसायनेटमुळे कायमचा दमा जडू शकतो. हे काम प्रशिक्षित माणसाला योग्य साधनांसह करू द्या.

एअरलेस स्प्रे भाड्याने आणून रंगवलं तर लवकर होईल का?

रिकाम्या घरात होईल. राहत्या घरात वस्तू आणि लाद्या झाकण्यातच वेळ जातो. रंग गाळून घ्या, नाहीतर टिप तुंबते, आणि स्प्रेमागोमाग रोलर फिरवा म्हणजे थर भिंतीत दाबला जातो.

एक गोष्ट जिवावर बेतणारी आहे. या यंत्रात दाब १५० ते २०० बारपर्यंत असतो. टिपसमोर बोट गेलं तर रंग त्वचेत घुसतो. वरून बारीक टोचल्यासारखं दिसतं, आत बोट नासत जातं. दुखत नसलं तरी तडक हॉस्पिटलमध्ये जा आणि रंग आत शिरला आहे असं स्पष्ट सांगा.

'झिरो व्हीओसी' म्हणजे निर्धोक का?

व्हीओसी म्हणजे रंगातून हवेत उडणारी सेंद्रिय द्रव्यं. ती नाहीत हे डब्यातल्या बेसपुरतं खरं असू शकतं. टिंटिंगच्या वेळी मिसळलेल्या रंगछटांतून व्हीओसी वाढू शकतं, म्हणून गडद शेड घेताना तेही विचारा. युरोपात आतल्या भिंतींच्या पाण्याच्या मॅट रंगाला २०१० पासून लिटरला ३० ग्रॅमची मर्यादा आहे. तुलनेला हा आकडा उपयोगी पडतो. पाण्याचे रंग टिकवण्यासाठी घातलेल्या द्रव्यांची काहींना अॅलर्जी असते. कमी वासाचा रंग लावला तरी त्या रात्री तिथे न झोपता खिडक्या उघड्या ठेवलेल्या बऱ्या.

जवसाचं तेल किंवा तेलाचे पॉलिश लागलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना त्या तापतात आणि आपोआप पेटतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

उरलेला रंग किती टिकतो, आणि टच-अप दिसणार नाही असा कसा करायचा?

पाण्याचा रंग नीट बंद डब्यात, गोठणार नाही आणि तापणार नाही अशा जागी एक-दोन वर्षं सहज राहतो. मोठ्या बादलीत तळाला थोडा उरला असेल तर लहान डब्यात गच्च भरा. वर हवा कमी राहिली की साय धरत नाही. कुजका वास आला तर तो भिंतीला लावू नका, वाळल्यावरही वास जात नाही.

टच-अपला मॅट सोपा, चकाकणारा अवघड. तोच डबा, तेच साधन: भिंत रोलरने केली असेल तर टच-अपही लहान रोलरनेच. रंग अगदी थोडा घ्या आणि कडा विरवत न्या. भिंत वर्ष-दोन वर्षांची झाली असेल तर ठिपका दिसणारच. मग कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पूर्ण भिंत करा. नव्याने डबे आणायचे असतील तर सगळे एका मोठ्या बादलीत एकत्र ढवळून घ्या, कारण एकाच शेडच्या दोन बॅचमध्ये फरक असतो. आणि उरलेल्या डब्याच्या झाकणावर नको, अंगावर लिहून ठेवा: शेडचा नंबर, बेस, बॅच, चकाकी, कोणती खोली, कोणती तारीख. झाकणं एकमेकांत बदलतात.